तिसरा वाटा

"उंगळुक्कु अत्तै इल्लैया?"

वकिलांनी कागदावरून नजर न काढता ह्यांना विचारलं. पस्तीस वर्षांच्या संसारात माझी तमिळ भाजीबाजारापलीकडे गेलेली नाही, पण एवढं मला कळलं. अत्तै म्हणजे आत्या. तुम्हाला आत्या नाही का?

"आहे की," हे म्हणाले. "कुंभकोणमला असते."

"मग तिची सही कुठे आहे?"

हे माझ्याकडे बघायला लागले, मी पंख्याकडे. 2023 चा फेब्रुवारी चालला होता. घराचा करार होऊन तीन आठवडे झाले होते आणि ॲडव्हान्सचे 5 लाख चुलतदिरांच्या खात्यात पोचले होते. घरचाच व्यवहार, म्हणून आधी पैसे दिले आणि मग वकील गाठला. हा शहाणपणा आमचा, त्यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही.

ह्यांचं घराणं तंजावरचं मराठी. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, आणि पूर्वी कधीतरी सरकारवाड्यात मोडी. हे नोकरीसाठी पुण्यात आले, मी मूळची वाईची, पुण्यात शाळेत शिकवायची, आणि आमचं लग्न झालं. दर दोन-तीन वर्षांनी आम्ही तंजावरला जायचो ते आजोबांच्या घरी, मेल वीदीच्या एका आडगल्लीत. तोंड वीस फूट आणि खोली एकशेवीस फूट, असं आगगाडीच्या डब्यासारखं घर. पुढे तिण्णै, म्हणजे आपला ओटा. मग रेळी नावाचा अंधारा बोळ, मग कूडम्, म्हणजे मोठी बैठक, मध्ये आकाशाला उघडा चौक, त्यापलीकडे स्वयंपाकघर आणि शेवटी कोल्लै, म्हणजे परसू. परसात विहीर, विहिरीला लागून कढीलिंबाचं झाड. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. पाऊस पडला की चारही छपरांचं पाणी चौकात उतरायचं आणि सासूबाई पितळी घंगाळी मांडून ठेवायच्या. त्या गेल्या, मग चुलत सासरे गेले, काकू मुलाकडे चेन्नईला गेल्या, आणि घराला कुलूप लागलं. निवृत्तीनंतर ह्यांच्या डोक्यात एकच, ते घर दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायचं नाही. माझ्या डोक्यात तेव्हा पुण्यातल्या जिन्याचे चार मजले होते, म्हणून मीही हो म्हणाले.

घरात सगळे धरून चालले होते की घर दोन भावांचं. एक भाऊ म्हणजे माझे सासरे, दुसरे चुलत सासरे. किंमत ठरली 60 लाख, भावाभावांत 30-30. आमच्या बाजूच्या 30 मध्ये हे, माझे दीर आणि नणंद असे तिघे, म्हणजे ह्यांचे 10 आपोआप आमचेच. बाहेर द्यायचे 50 लाख. पुण्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट विकून आले ते पैसे आणि माझ्या भविष्यनिर्वाह निधीतले राहिलेले, असं मिळून हा आकडा बसत होता. जेमतेम.

करारापूर्वी आम्ही काहीच तपासलं नव्हतं असंही नाही. तमिळनाडूत घर घ्यायचं म्हटलं की पहिला शब्द कानावर पडतो तो विल्लंगम्. विल्लंगम् सर्टिफिकेट म्हणजे या मिळकतीवर कर्ज, गहाण, विक्री, बक्षीस असं काय काय नोंदलं गेलंय त्याचा उतारा. तेव्हा 1975 पासूनचा नोंदणी खात्याच्या साइटवर घरबसल्या मिळायचा, त्याआधीचा हवा असेल तर कचेरीत अर्ज करायचा आणि वाट बघायची. आमच्या घराचा उतारा कोरा आला. एकही नोंद नाही. चुलतदीर फोनवर म्हणाले, "वहिनी, आरशासारखं स्वच्छ आहे." मला केवढं समाधान वाटलं होतं!

वकिलांनी तो कोरा उतारा बोटाने बाजूला सारला. या कागदावर नोंदवलेले व्यवहार दिसतात, ते म्हणाले. माणूस मेला की कायद्याने हिस्सा आपोआप ज्याच्याकडे जातो त्याची नोंद कुणी नोंदणी कचेरीत करायला जात नाही. तुमच्या घरात 1938 नंतर कुणी काही विकलंच नाही, फक्त माणसं गेली. मग उतारा कोरा येणार नाही तर काय?

आणि मूळपत्तिरम् पुढे ओढलं. घराचं मूळ खरेदीखत, पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळून ठेवलेलं. वर इंग्लंडच्या राजाचं मुंडकं, खाली दाट तमिळ अक्षर, कडा कसरीने खाल्लेल्या. आजोबांनी ते घर 2,400 रुपयांना विकत घेतलेलं. चतुःसीमेत पूर्वेला गल्ली, दक्षिणेला कुणा रावांचं घर. साक्षीदारांत एकाची सही मोडीत होती, ती आमच्यापैकी कुणालाच वाचता आली नाही. वकिलांचं बोट मात्र एका ओळीवर थांबलं. आजोबांनी हे घर स्वतःच्या कमाईतून घेतलं, असं तिथे लिहिलं होतं.

सगळी मेख त्या ओळीत होती. आजोबा 1964 मध्ये वारले, मृत्युपत्र न करता. हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 चा. स्वकष्टाच्या मिळकतीचा मालक मृत्युपत्र न करता गेला की बायको, मुलगे, मुली सगळे सारखे. आजी 1979 मध्ये गेल्या, त्यांचा हिस्साही तिघा मुलांत सारखा. म्हणजे घराचे वाटे तीन, दोन नाहीत. आणि तिसरा वाटा, घराचा तिसरा हिस्सा, कुंभकोणमला राहणाऱ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आत्यांचा. गेली एकोणसाठ वर्षं घरात त्यांचा हिस्सा होताच.

चुलतदीर चेन्नईहून धावत आले. त्यांच्याजवळ तयार उत्तर होतं, आणि तंजावरात ते उत्तर जवळजवळ प्रत्येक घरात तयार असतं: तमिळनाडूने मुलींना हक्क दिला तो 1989 मध्ये, आणि त्याआधी लग्न झालेल्या मुलींना तो नाही. आत्यांचं लग्न 1958 चं. विषय संपला. वकील शांतपणे म्हणाले, तो कायदा वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीचा. हे घर तुमच्या आजोबांनी विकत घेतलंय. इथे तो लागतच नाही.

"मग इतकी वर्षं ती काही बोलली का नाही?"

त्यालाही कायद्यात कारण होतं. 1956 च्या कायद्यानेच मुलीला हिस्सा दिला, आणि त्याच कायद्याच्या 23 व्या कलमाने म्हटलं की राहतं घर असेल आणि त्यात सगळी घरचीच माणसं राहत असतील, तर पुरुष वारस स्वतः वाटणी करेपर्यंत मुलीने वाटणी मागायची नाही. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने मूठ मिटून ठेवली. ते कलम 2005 च्या दुरुस्तीत गेलं. पण तोवर आत्या सहासष्ट वर्षांच्या झाल्या होत्या, आणि भाचरांकडे जाऊन घर वाटा म्हणायचं ते कोण म्हणणार!

संध्याकाळी आम्ही कागदावर गणित मांडलं. 60 लाखांचे तीन वाटे, 20 चे. आत्यांना 20. काकू, त्यांचे दोन मुलगे आणि मुलगी यांना मिळून 20, म्हणजे 30 चे 20 झाले. आमच्या बाजूच्या 20 मधले ह्यांचे वजा जाऊन दीर-नणंदेला 13,33,333. एकूण द्यायचे 53,33,333. आम्हाला वाढीव बसत होते सव्वातीन लाखांच्या वर थोडे. खरा फटका चुलतदिरांच्या घराला, 10 लाखांचा. त्यामुळे राग कुठून आला हे समजायला फार अक्कल लागत नव्हती.

"आत्याला विचारू तर खरं," जाऊबाई म्हणाल्या. "चौऱ्याऐंशीव्या वर्षी पैसे घेऊन ती करणार काय? एक चांगली पट्टुसाडी नेऊ, पाया पडू, सही करून देईल." धाकटे चुलतदीर न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर होते, ते तमिळमध्ये काहीतरी बोलले आणि सगळे हसले. नंतर ह्यांनी अर्थ सांगितला. विल्लंगम् हा शब्द बोलीत लफड्यालाही वापरतात. ते म्हणाले होते, घराचा विल्लंगम् कोरा आहे, खरी विल्लंगम् कुंभकोणमला बसलीय.

मीही हसले होते. साडीची कल्पना मलाही वावगी वाटली नव्हती, हे लिहायला हवं.

रात्री झोप लागेना तेव्हा ते साडीचं कुठून तरी ओळखीचं वाटतंय असं झालं. 2008 मध्ये वडील गेल्यावर दादाने मला वाईला बोलावून घेतलं. दीड एकर रान आणि राहतं घर. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्र तयारच होतं. तीन पानं, प्रत्येक पानाखाली सही, अंगठा. मी एकही ओळ वाचली नाही. बाहेर आल्यावर वहिनीने ओटी भरली, मोरपंखी साडी दिली, घरी पुरणपोळी होती. कुणीही मला जबरदस्ती केली नाही. दादाने दमबीम दिला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. आणि मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे! आठवीच्या पोरींना समान हक्क समजावून सांगायचे, बोर्डाचे पेपर तपासायचे. साडी अजून आहे. तीन-चार वेळा नेसलेली.

ॲडव्हान्स दिलेला, आता माघार घेता येत नव्हती. दुसऱ्या दिवशी कुंभकोणमला जायच्या आधी हे मला मोठ्या देवळात घेऊन गेले. डोकं शांत करायची त्यांची ती जागा आहे. बृहदीश्वराच्या आवाराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरून घेतलेला मराठी लेख आहे, भोसले घराण्याचा इतिहास. पूर्वी त्याच्यापुढे उभं राहून मला भरून यायचं, इतक्या दूर आपली अक्षरं म्हणून. त्या दिवशी मात्र तो मला दगडात कोरलेला वारसदाखला वाटला. बाप, मुलगा, त्याचा मुलगा. याच गावात 1855 मध्ये दुसरे शिवाजीराजे वारले तेव्हा मागे राण्या होत्या, मुली होत्या, मुलगा नव्हता. इथला रेसिडेंट फोर्ब्स याने मुलीचा हक्क मानावा असं वर कळवलं होतं. कंपनीने मानला नाही. राज्य तर गेलंच, राजाची खासगी मालमत्ताही सील झाली. राणी कामाक्षीबाई मद्रासच्या कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. 1859 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. हा राज्यसत्तेचा निर्णय, कोर्टाला त्यात बोलता येत नाही. मालमत्ता शेवटी 1862 मध्ये राण्यांना परत मिळाली, ती सरकारची मेहेरबानी म्हणून. हे सगळं हे मला नेहमी सांगतात. त्या दिवशी गप्प होते.

कुंभकोणमला आत्या नातीकडे राहतात. चाळीस वर्षं पोस्टात काढली, त्यातली बरीचशी बचत खात्याच्या खिडकीत. त्यांची मराठी ऐकायला कान लावावा लागतो, मध्येच तमिळ वळण, मध्येच आपल्याकडे कधीच मेलेले शब्द. मी इथे ती आपल्या वळणाची करून लिहितेय. जेवायला डांगर पच्चडी होती, उडदाच्या पिठाची, ह्यांना आवडते म्हणून मुद्दाम केलेली. साडी मी पिशवीतून काढलीच नाही.

जेवण झाल्यावर त्यांनी खरेदीखताची झेरॉक्स मागितली. भिंग घेऊन बसल्या. पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचलं, अर्धा तास तरी लागला असेल. ह्यांनी दोनदा घसा खाकरला, त्यांनी लक्ष दिलं नाही.

"घर घेतलं त्याच्या पुढच्या वर्षी मी झाले," त्या म्हणाल्या. "त्याच घरात. मागच्या खोलीत." मग भिंग खाली ठेवलं. "किती भाव धरलाय?"

ह्यांनी सांगितलं.

"गाइडलाइनपेक्षा वर आहे," त्या म्हणाल्या. नातीकडून नोंदणी खात्याच्या साइटवर गल्लीचा सरकारी दर आधीच काढून ठेवला होता. "सरी. मला माझा वाटा हवा. चेकने, माझ्या एकटीच्या नावाने. रोख नको आणि साडी तर नकोच नको."

साडी पिशवीतच होती, आणि मला वाटतं माझे कान लाल झाले.

"आत्या, तुम्ही आधी कधी..." मी म्हटलं.

"कुणी विचारलं? भाऊ असताना विचारायचं ते तेही विसरले, मीही विसरल्यासारखं केलं. खिडकीत बसून मी किती बायकांचे अंगठे घेतले माहितीय? मागे मुलगा उभा. पैसे काढले की त्याच्या खिशात. मी मुद्दाम नोटा बाईच्या हातात द्यायची, खिडकीतून हात लांब करून. तेवढंच माझ्या हातात होतं."

मग त्यांनी आमच्या नव्या खरेदीखताचा मसुदा मागितला. तोही वाचला. दुसऱ्या पानावर थांबल्या आणि ह्यांना नव्हे, मला विचारलं, "यात तुझं नाव कुठे आहे?"

नव्हतं. मसुदा ह्यांच्या एकट्याच्या नावाने होता. माझ्या नोकरीची शिल्लक त्यात चालली होती आणि मला ते खटकलंही नव्हतं; घराणं त्यांचं, घर त्यांचं, असं काहीसं डोक्यात असावं. हे म्हणाले, "अगं राहिलंच की." ते खोटं बोलत नव्हते. खरंच राहिलं होतं, जसं आत्यांचं राहिलं होतं.

पुढचे चार महिने कागदांचे. तहसीलदाराकडून तीन वारसदाखले: आजोबांचा, सासऱ्यांचा, चुलत सासऱ्यांचा. तमिळमध्येही शब्द वारिसुच, तेवढं एक बरं वाटायचं. न्यू जर्सीहून मुखत्यारपत्र आलं, ते आल्यापासून तीन महिन्यांत इथे स्टॅम्प करून घ्यावं लागतं, ती धावपळ. दीर आणि नणंद यांची हक्कसोडपत्रं वेगळी, पूर्ण मोबदला आत लिहून. आत्या आणि काकूंच्या घरच्यांचं मिळून एक खरेदीखत, 40 लाखांचं, आमच्या दोघांच्या नावाने. चुलतदीर मार्चभर बोलले नाहीत, मग एक दिवस त्यांनीच फोन करून विचारलं की त्यांच्या बहिणीचे 5 लाख वेगळ्या चेकने द्याल का. मी हो म्हणाले. का ते विचारलं नाही.

या उशिरात एक फायदा झाला. 1 एप्रिलपासून सरकारने गाइडलाइन दर वाढवले आणि नोंदणी फी 4 टक्क्यांवरून 2 वर आणली. मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 11 ऐवजी एकूण 9. आमची किंमत नव्या दराच्याही वर होती, त्यामुळे चाळीस लाखांवर ऐंशी हजार वाचले. आत्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "बघा, माझ्यामुळे."

जुलैत घाई सुरू झाली. 17 तारखेला आडि महिना लागणार, त्यात तमिळ माणूस घराचं काही करत नाही; आणि 18 पासून आपला अधिक श्रावण. दोन्ही पंचांगांनी दोन्ही दारं लावून घेतली. 12 जुलैचा बुधवार मिळाला. टोकन होतं साडेअकराचं, नंबर आला बारा वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे ऐन राहूकाळात. कचेरीतली निम्मी माणसं उगीचच चहाला गेली. दस्त लिहिणारा म्हणाला, दीडनंतर करू का? हेही चुळबुळायला लागले.

"मी साडेपाचला उठून आलेय," आत्या म्हणाल्या. "राहूला थांबायचं असेल तर थांबू दे. सही माझी आहे."

फोटो निघाला, बोटांचे ठसे घेतले. वयामुळे त्यांचा अंगठा यंत्राला उमटेना, चार वेळा पुसून झाला, शेवटी तर्जनी चालली. प्रत्येक पानावर त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, पोस्टातल्या हिशेबाच्या अक्षरात. मागे रांग खोळंबली होती. माझी पाळी आली तेव्हा मीही आधी वाचत बसले. तमिळ वाचता येत नाही, म्हणून ह्यांना ओळ न ओळ मराठीत सांगायला लावली. दस्तवाल्याने तोंड वाकडं केलं, आत्यांनी नाही.

चेक घेऊन त्या त्याच दिवशी परतल्या. ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेची मर्यादा त्या एप्रिलपासून 15 लाखांवरून 30 वर गेली होती, व्याज 8.2 टक्के. त्यांनी वीसच्या वीस लाख तिथे टाकले, आपल्याच जुन्या पोस्टात. तीन महिन्यांना 41,000. पेन्शन औषधांना पुरते, हे बाकीच्याला, असं म्हणाल्या. बाकीचं म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी वाईला दादाला फोन केला होता, जुलैतच. मागायला काही नव्हतं. आत्यांची गोष्ट सांगितली, सगळी, गणितासकट. तो म्हणाला, "बरं केलंत," आणि पावसाचं विचारायला लागला.

आम्ही राहायला आलो ते सप्टेंबरच्या शेवटी. दूध उतू घालून आत शिरलो, वास्तुशांत पुढे ढकलली. विजेचं बिल अजून आजोबांच्या नावाने येतं. नगरपालिकेची महानगरपालिका होऊन कितीतरी वर्षं झाली तरी घरपट्टीही त्यांचीच. त्यासाठी वेगळे अर्ज चालू आहेत. ऑक्टोबरच्या शेवटी ईशान्येचा पाऊस लागला आणि कूडमच्या कोपऱ्यात भिंतीवर ओल उतरली. कोत्तनार, म्हणजे इथला गवंडी, शिडी लावून वर गेला, जुनी चुन्याची गच्ची ठोकून ठोकून पाहिली आणि म्हणाला, सगळी उखडायला लागेल. आकडा ऐकून हे मटकन तिण्णैवर बसले.

आत्यांना फोन केला तर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, कुठला कोपरा? दक्षिणेकडचा म्हटल्यावर म्हणाल्या, "उखडू नका. शेजारच्या भिंतीच्या सांध्यात पन्हळ तुंबते, पिंपळ उगवतो तिथे. माझे वडील दर वर्षी आइप्पसीचा पाऊस लागायच्या आधी पोऱ्याला वर चढवायचे."

कोत्तनारला परत वर पाठवला. बोटभर पिंपळ होता.